१-६ वरून ९-८: डेट्रॉईट लायन्सचा २०२२ चा सीझन आणि २ ऑक्टोबरची ती मॅच

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. डेट्रॉईटच्या फोर्ड फील्डवर लायन्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम हाफटाईमला मायामी डॉल्फिन्सच्या २७-१७ पुढे होते, आणि सेकंड हाफमध्ये एक पॉइंटसुद्धा केला नाही. शून्य. मॅच ३१-२७ ने गेली, रेकॉर्ड झाला १-६, म्हणजे एक विजय आणि सहा पराभव, आख्ख्या लीगमध्ये तळाला. हेड कोच डॅन कॅम्पबेलचा डेट्रॉईटमधला एकूण हिशोब तेव्हा होता ४ विजय, १९ पराभव, १ टाय. हा हिशोब बघून कुठल्याही शहरात लोक एकच प्रश्न विचारतील की याला अजून ठेवलाय का?

मला हे प्रकरण नीट मांडायचंय, कारण सीझनच्या सुरुवातीला मार खाणाऱ्या टीमबद्दल आपण जे पटापट निकाल देतो ना, त्याची सगळी उत्तरं या एका सीझनमध्ये सापडतात. माझं म्हणणं आधीच सांगतो. पहिल्या सात मॅचनंतर टीम किती हरली हे बघून काही कळत नाही, कशी हरली आणि नेमका कुठला भाग मोडलाय ते बघावं लागतं. पण म्हणून सुरुवातीचे पराभव माफ होतात असं अजिबात नाही, त्यांची वसुली शेवटी होतेच, आणि लायन्सकडून तर पै-पै वसूल झाली.

ज्यांना NFL, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची ही लीग, फारशी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३२ टीम, दोन कॉन्फरन्स, प्रत्येक टीमला रेग्युलर सीझनमध्ये फक्त १७ मॅच, आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून ७ टीम प्लेऑफला. बेसबॉलला १६२ मॅच असतात, तिथे एप्रिल खराब गेला तरी भरून काढायला आख्खा उन्हाळा पडलेला असतो. इथे सात मॅच म्हणजे चाळीस टक्के सीझन संपला. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एवढी घबराट होते, कोच जातात, क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारे मुख्य प्लेयर, बेंचवर बसतात.

आता लायन्स. ही टीम म्हणजे डेट्रॉईटचं जुनं दुखणं. २००८ मध्ये ०-१६, म्हणजे १६ पैकी १६ हरले, १६ मॅचच्या सीझनमध्ये असं पहिल्यांदाच झालं होतं. आणि कॅम्पबेल स्वतः त्या टीममध्ये प्लेयर होता, टाइट एंड, म्हणजे पास पकडणारा आणि समोरच्यांना अडवणाराही, दुखापतीमुळे जवळजवळ सगळा सीझन बाहेरच बसला. त्यामुळे हरणारं ड्रेसिंग रूम कसं असतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. १९३४ पासून थँक्सगिव्हिंगला डेट्रॉईटची मॅच असते, नोवी, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्समध्ये गाड्यांच्या कंपन्यांमुळे येऊन राहिलेली आपली जी भरपूर मराठी मंडळी आहेत त्यांच्याही टीव्हीवर त्या गुरुवारी हीच टीम असते, आणि वर्षानुवर्षं बहुतेक वेळा हरतानाच दिसली.

२०२१ च्या सुरुवातीला जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स आणि कॅम्पबेल आले. आल्या आल्या त्यांनी बारा वर्षं टीम ओढणारा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सना दिला आणि बदल्यात घेतला जॅरेड गॉफ, शिवाय रॅम्सचे दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक (म्हणजे नवे प्लेयर निवडायचे हक्क) आणि एक तिसऱ्या राउंडचा. स्टॅफर्डने तिकडे पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. इकडे लायन्स ०-१०-१ ने सुरू झाले, पहिला विजय ५ डिसेंबरला मिळाला, शेवट ३-१३-१. मधे बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने शेवटच्या क्षणी ६६ यार्डांवरून विक्रमी किक मारून त्यांना हरवलं तेही याच सीझनमध्ये. तरी टीमने खेळणं सोडलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हाच दिसत होती, आणि म्हणून २०२२ सुरू होताना लोकांच्या अपेक्षा बऱ्यापैकी वाढलेल्या होत्या.

पहिल्या चार मॅचेस बघा. फिलाडेल्फिया ईगल्सकडून ३८-३५ ने हार, आणि तेच ईगल्स त्या वर्षी सुपर बोलपर्यंत गेले. मग वॉशिंग्टनवर ३६-२७ ने विजय. मग मिनेसोटात २८-२४ ने हार, मग सिएटलकडून घरच्या मैदानावर ४८-४५ ने हार. बेरीज करा, केलेले पॉइंट १४०, खाल्लेले १४१. चार आठवड्यांनंतर लीगमध्ये सर्वात जास्त पॉइंट करणारी टीम हीच आणि सर्वात जास्त खाणारीही हीच! १-३ या आकड्याच्या मागे हे लपलेलं होतं. आपण क्रिकेटवाले पॉइंट्स टेबलच्या शेजारी नेट रन रेट बघतो ना, तसं इथेही बघितलं असतं तर कळलं असतं की ही टीम सपाट हरत नाहीये, एक बाजू जोरात चाललीये आणि दुसरी बाजू गळतीये.

मिनेसोटाच्या मॅचवर जरा थांबतो कारण कोचिंगची चूक जवळून बघायची तर हीच. चौथ्या क्वार्टरमध्ये लायन्स २४-१४ पुढे होते, मिनेसोटाच्या व्हायकिंग्सनी एक टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या टोकापलीकडे नेणं, सहा पॉइंट) करून २४-२१ केलं. मिनिटभरापेक्षा थोडाच जास्त वेळ उरलेला, बॉल लायन्सकडे, विरोधी टीमच्या हद्दीत, चौथा डाऊन आणि ४ यार्ड हवेत. दहा यार्ड जायला चार संधी असतात, ही चौथी, शेवटची. पूर्ण मॅचभर कॅम्पबेल चौथ्या डाऊनला धाडसाने खेळत आला होता, बहुतेक वेळा जमलंही होतं, आणि नेमकं इथे त्याने तीन पॉइंटांसाठी ५४ यार्डांची किक मागवली. किक हुकली, आणि हुकली की बॉल तिथूनच समोरच्यांना मिळतो. व्हायकिंग्सनी पटापट मैदान कापलं आणि ४५ सेकंद उरले असताना के. जे. ऑसबोर्नने २८ यार्डांचा टचडाऊन पास पकडला. मॅचनंतर कॅम्पबेलने उघडपणे सांगितलं की तो निर्णय चुकला, ते ४ यार्ड खेळायला जायला हवं होतं. मला या माणसाबद्दल आदर वाटायला लागला तो इथपासून, कारण त्याने किकरवर ढकललं नाही. त्याच मॅचमध्ये सेफ्टी, म्हणजे डिफेन्सच्या मागच्या फळीतला प्लेयर, ट्रेसी वॉकरच्या पायाची अकिलीस शीर तुटली, डिफेन्सचा अनुभवी माणूस सीझनभरासाठी गेला. तेव्हा हे फक्त संकट वाटलं, पुढे त्याच जागेवर कोण उभा राहिला ते येतंच.

मग २ ऑक्टोबर, सिएटल सीहॉक्स. लायन्सचे डी'आंद्रे स्विफ्ट आणि ॲमन-रा सेंट ब्राऊन दोघंही दुखापतीमुळे बाहेर, तरी ऑफेन्सने ४५ पॉइंट केले, गॉफने चार टचडाऊन पास टाकले, टाइट एंड टी. जे. हॉकेन्सनने एकट्याने १७९ यार्ड काढले. आणि डिफेन्सने ५५५ यार्ड दिले. गॉफचा एक पास सिएटलच्या टॅरिक वूलेनने पकडून सरळ टचडाऊनला नेला. वर किकिंगचा घोळ वेगळाच, नेहमीचा किकर जखमी म्हणून ऐनवेळी आणलेल्या नव्या किकरने दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकवले, एक किकऑफ मैदानाबाहेर मारला. एक्स्ट्रा पॉइंट म्हणजे टचडाऊननंतरचा तो सोपा एक पॉइंट, शंभरातले नव्वदच्या वर सहज बसतात. मॅच गेली तीन पॉइंटांनी. नुसती बेरीज-वजाबाकी करून हे जिंकले असते असं म्हणता येणार नाही, कारण एक पॉइंट हुकला की पुढचे निर्णयही बदलतात, पण अशी मॅच हातची घालवली की मनाला लागते. ही मॅच लक्षात ठेवा.

त्यानंतर दोन मॅच खरोखर वाईट गेल्या, तिथे कुठलीही सबब चालत नाही. न्यू इंग्लंडमध्ये २९-०. ज्या ऑफेन्सने चार मॅचमध्ये १४० केले त्याला एक पॉइंट मिळेना, चौथ्या डाऊनला सहा वेळा प्रयत्न केला आणि सहाही वेळा फसला. मग एक आठवडा सुट्टी, मग डॅलसमध्ये २४-६. यात मात्र स्कोअर फसवा आहे, हाफटाईमला लायन्स ६-३ पुढे होते, मग सेकंड हाफमध्ये पाच वेळा बॉल घालवला, पाच! सगळ्यात जिव्हारी लागणारा म्हणजे जमाल विल्यम्सचा, १०-६ असताना टचडाऊन लाईनपासून एका यार्डावर त्याच्या हातून बॉल सुटला. तो गेला असता तर लायन्स पुढे गेले असते. जमाल हा टीमचा सगळ्यात जीव तोडून खेळणारा माणूस आणि त्याच्याच हातून हे व्हावं.

आणि मग डॉल्फिन्स, ते सुरुवातीला सांगितलंच. टायरिक हिलने त्या मॅचमध्ये १८८ यार्ड काढले, मागची फळी त्याच्या मागे नुसती पळत होती.

तर सहा पराभव, त्यातले चार ३ किंवा ४ पॉइंटांचे. चारही मिळून फरक फक्त १४ पॉइंटांचा. सात मॅचमध्ये केलेले पॉइंट १७३, खाल्लेले २२५, म्हणजे सरासरी मॅचला ३२ पॉइंट समोरच्याला दिले. आजार कुठे होता हे सांगायला यापेक्षा जास्त काय पाहिजे? क्वार्टरबॅक बदला, कोच बदला, सगळं पाडून परत बांधा, अशी ओरड चालू होती, पण मोडलेलं होतं ते डिफेन्स, त्यातही पासवर पहारा देणारी मागची फळी. आणि दुसरं म्हणजे बॉल घालवणं, जे सुधारता येतं.

आता टीमने काय केलं. डॅलसच्या हारीनंतर, रेकॉर्ड १-५ असताना, मालकीण शीला फोर्ड हॅम्प प्रॅक्टिसच्या ठिकाणी स्वतःहून पत्रकारांसमोर आल्या. हेन्री फोर्डची पणती, २०२० पासून टीम त्यांच्याकडे. अशा अर्थाचं बोलल्या की अवघड आहे हे मान्य, पण घाबरून जाऊ नका, हे काम वेळ घेणारच होतं, होम्स आणि कॅम्पबेलवर माझा विश्वास आहे. माझ्या मते पूर्ण सीझनमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच. मैदानावरचा एकही नाही. हरणाऱ्या टीमच्या मालकाने आठवड्याच्या मधे येऊन असं बोलणं म्हणजे प्लेयर्सना सरळ निरोप असतो की कोच कुठे जात नाहीये, तेव्हा त्याचं ऐका. कोच जाणार असं एकदा वाटायला लागलं की ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येक जण स्वतःचं बघायला लागतो.

पण पाठिंबा दिला म्हणजे हातावर हात ठेवून बसले असंही नाही, ही बाजू लोक विसरतात. डॉल्फिन्सच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी मागच्या फळीचे कोच ऑब्री प्लेझंट यांना काढलं. डिफेन्सचा मुख्य माणूस ॲरन ग्लेन राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, हॉकेन्सनला ट्रेड केलं आणि तेही आपल्याच डिव्हिजनमधल्या (चार टीमच्या गटातल्या) व्हायकिंग्सना, बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचे पिक. महिन्यापूर्वी १७९ यार्ड काढणारा माणूस शत्रूला दिला म्हणून खूप जण चिडले होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं की यांनी हा सीझन सोडला. पण त्यांनी दिलं ते जिथे चाललं होतं त्या बाजूचं, म्हणजे ऑफेन्सचं. बेन जॉन्सन पहिल्यांदाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला होता आणि त्याच्या आखणीत एका टाइट एंडवर सगळं अवलंबून नव्हतं, हे त्यांना दिसलं असणार.

पुढच्याच रविवारी, ६ नोव्हेंबरला, ग्रीन बे पॅकर्स आले. आधीच्या सात मॅचमध्ये ३२ च्या सरासरीने खाणाऱ्या डिफेन्सने ॲरन रॉजर्सला ९ वर रोखलं. तीन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याचा पास मधेच पकडणं, त्यातले दोन एंड झोनमध्ये, म्हणजे टचडाऊनच्या पट्ट्यात. पहिला बॉल लाईनबॅकर डेरिक बार्न्सच्या हेल्मेटवर आपटून वर उडाला आणि रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा, सेफ्टी कर्बी जोसेफने पकडला. दुसरा चौथ्या डाऊनला, रॉजर्सने चक्क आपल्या लाइनमनकडे, बाख्तियारीकडे फेकला आणि मधे एडन हचिन्सन, हाही रूकी, मिशिगन युनिव्हर्सिटीचा, दुसऱ्या नंबरचा पिक. तिसरा परत जोसेफ. आणि हा जोसेफ खेळत होता कारण वॉकर जखमी झाला होता. १५-९ ने जिंकले.

नशीब होतं का यात? होतं की. हेल्मेटवर आपटलेला बॉल कुठेही जाऊ शकतो. सप्टेंबरमध्ये तीन-चार पॉइंटांनी हरत होते, आता तशाच जवळच्या मॅच जिंकायला लागले. शिकागोत चौथ्या क्वार्टरमध्ये २४-१० मागे होते, तिथून ३१-३० ने जिंकले, कॅम्पबेलच्या काळातला बाहेरच्या मैदानावरचा पहिला विजय, आणि त्यात बेअर्सचा एक एक्स्ट्रा पॉइंट हुकलेला होता. सहा आठवड्यांपूर्वी ज्या गोष्टीने मारलं तिनेच इथे तारलं. म्हणून म्हणतो की जवळच्या मॅचमधला रेकॉर्ड हा टीमचा स्वभाव नसतो, तो बदलतो, आणि बदलतो तेव्हा त्याला चमत्कार म्हणायची गरज नाही.

पण सगळं नशिबावर टाकता येणार नाही कारण आकडे तसे नाहीत. शेवटच्या दहा मॅचमध्ये खाल्लेले पॉइंट २०२, म्हणजे मॅचला ३२ वरून २० वर आले. केलेले २८०, सरासरी २८. मुख्य बदल डिफेन्समध्ये, आणि तो आला पोरांमुळे. हचिन्सनने सीझनमध्ये साडेनऊ सॅक (पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) आणि तीन इंटरसेप्शन घेतले. सहाव्या राउंडमधला जेम्स ह्यूस्टन थँक्सगिव्हिंगला पहिल्यांदा मैदानात उतरला आणि सात मॅचमध्ये आठ सॅक! सहाव्याच राउंडचा माल्कम रॉड्रिगेझ लाईनबॅकरला. या पोरांना सप्टेंबरमध्ये जमत नव्हतं कारण ती सप्टेंबरमध्ये नवीन होती, इतकं साधं कारण कधी कधी पुरेसं असतं. तरुण टीमकडून सुरुवातीला मार खाणं हा त्या योजनेचा भागच असतो, फक्त ते पचवायला मालक लागतो.

दुसरी बाजू गॉफ. पॅकर्सच्या त्या मॅचमध्ये त्याचा एक इंटरसेप्शन झाला, त्यानंतर सीझन संपेपर्यंत सलग ३२४ पास, एकही इंटरसेप्शन नाही. पूर्ण सीझन २९ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन. रॅम्सनी ज्याला नको म्हणून दिला तो हा माणूस.

मधल्या मॅचेस भराभर सांगतो. जायंट्सना ३१-१८, थँक्सगिव्हिंगला बफेलोकडून दोन सेकंद उरलेले असताना फील्ड गोलने, म्हणजे तीन पॉइंटांच्या किकने, २८-२५ अशी हार, मग जॅक्सनव्हिलला ४०-१४, मग १०-२ रेकॉर्ड असलेल्या व्हायकिंग्सना ३४-२३. या मॅचमध्ये मॅच संपवायची वेळ आली तेव्हा बॉल कुणाकडे टाकला, तर पेनाय सूलकडे, हा दीडशे किलोंचा टॅकल, ज्याचं काम समोरच्याला ढकलणं. त्याने पकडून फर्स्ट डाऊन काढला, म्हणजे नव्या चार संधी मिळवल्या. मग जेट्सविरुद्ध न्यू जर्सीत चौथा डाऊन, यार्डाहूनही कमी अंतर, दोन मिनिटांच्या आत वेळ, आणि टाइट एंड ब्रॉक राईटने ५१ यार्ड पळून टचडाऊन केला. हॉकेन्सन गेल्यावर ज्यांच्या वाट्याला खेळ आला त्यातलाच हा. आणि मिनेसोटात ४ यार्डांसाठी न गेलेला कोच इथे गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच वर्षी दुसऱ्या दोन टीमनी उलटं केलं, तेही बघायला पाहिजे. इंडियानापोलिस कोल्ट्सनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ३-५-१ असताना फ्रँक राइकला काढून जेफ सॅटर्डेला आणलं, ज्याला कॉलेज किंवा NFL कोचिंगचा अनुभवच नव्हता. पहिली मॅच जिंकले, मग सलग सात हरले. कॅरोलिना पँथर्सनी मात्र १-४ असताना मॅट रूलला काढलं आणि स्टीव्ह विल्क्सच्या हाताखाली ६-६ केलं. म्हणजे कोच काढणं दरवेळी चूकच असा नियम काढता येत नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, लायन्सना शेवटी सगळ्यात जास्त नडले ते हेच पँथर्स. २४ डिसेंबरला त्यांनी लायन्सच्या डिफेन्सवरून ३२० यार्ड धावून काढले, त्यांच्या टीमचा विक्रम, ३७-२३. सुधारलेलं डिफेन्स अजून पक्कं झालेलं नव्हतं हे तिथे दिसलं.

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी बेअर्सना ४१-१० हरवलं, आणि ८ जानेवारी २०२३ ला शेवटची मॅच, लॅम्बो फील्ड, रात्रीची, पॅकर्सविरुद्ध. पॅकर्स जिंकले की प्लेऑफमध्ये. लायन्सना स्वतः जिंकायचं होतंच, शिवाय दुपारी सिएटल हरायला हवं होतं. सिएटलने रॅम्सना ओव्हरटाईममध्ये १९-१६ हरवलं. लायन्स मैदानात उतरले तेव्हा त्यांना माहीत होतं की आपलं संपलंय. तरी २०-१६ ने जिंकले, पॅकर्सनाही बाहेर काढलं. जमालने दोन टचडाऊन करून सीझनचे धावून केलेले टचडाऊन १७ केले, बॅरी सँडर्सचा १६ चा क्लब विक्रम मोडला. तोच जमाल, डॅलसमधला.

लायन्स ९-८. सिएटल ९-८. बरोबरी झाली तर आपसातली मॅच कोण जिंकलं ते बघतात. ४८-४५, २ ऑक्टोबर. ते दोन एक्स्ट्रा पॉइंट, तो वूलेनने नेलेला पास, ते ५५५ यार्ड, सगळं तीन महिन्यांनी वसूल झालं. ८-२ अशी धाव घेऊनही घरी बसावं लागलं. यावरून मला सुरुवातीच्या पराभवांबद्दल जे म्हणायचंय ते नीट म्हणता येतं. १-६ ही टीम किती चांगली आहे याची खूण नव्हती, पण ते सहा पराभव खरेच होते, पुढे कितीही सुधारलात तरी ते टेबलमधून पुसले जात नाहीत. नोव्हेंबरमध्ये टीम बरी झाली म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरची किकिंगची हेळसांड योग्य ठरत नाही. किकरच्या जागेला दुय्यम समजणाऱ्या प्रत्येक टीमने हा सीझन समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या सीझनची सुरुवात ७ सप्टेंबर २०२३ ला कॅन्सस सिटीत, चॅम्पियन चीफ्सच्या घरी. पहिल्याच क्वार्टरमध्ये स्वतःच्या १७ यार्ड लाईनवर चौथा डाऊन असताना लायन्सनी पंटचं (लांब किक मारून बॉल समोरच्यांना देण्याचं) नाटक करून बॉल पळवला आणि फर्स्ट डाऊन घेतला. रूकी ब्रायन ब्रँचने इंटरसेप्शन घेऊन टचडाऊन केला. २१-२० ने जिंकले, एका पॉइंटाने, आणि या वेळी दोन्ही टीमच्या मिळून पाचही एक्स्ट्रा पॉइंट बसले होते. पहिल्या सहा मॅचनंतर रेकॉर्ड होता ५-१. शेवट १२-५, १९९३ नंतरचं पहिलं डिव्हिजन टायटल, आणि प्लेऑफच्या पहिल्या मॅचला स्टॅफर्डचे रॅम्स फोर्ड फील्डवर आले तेव्हा लायन्स जिंकले, २४-२३.